भांडणाऱ्या मंडळीला आलेलं पत्र

रविवार, रात्र. आज उपासनेत करिंथकरांस पहिलं पत्र वाचलं. सुरुवातीलाच प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पवित्र लोक म्हणतो आणि मग पानंच्या पानं तिची हजेरी घेतो. गट पडलेले, एकमेकांवर दावे ठोकलेले, प्रभुभोजनाला काही जण आधीच खाऊनपिऊन मोकळे आणि गरीब उपाशी. (आमच्याकडे निदान जेवण सगळ्यांना पुरतं, वाद असतो तो कमिटीच्या निवडणुकीवरून.)

तरी पौल पवित्रपण काढून घेत नाही. ती त्यांची कमाई नव्हतीच. मिळालंय, तर तसं वागा, एवढंच त्याचं म्हणणं. पुनरुत्थानाच्या आशेचा पंधरावा अध्यायही याच भांडकुदळांना लिहिलेला, आणि लगेच सोळाव्यात यरुशलेमेतल्या गरजूंसाठी दर आठवड्याला वर्गणी बाजूला काढायची सूचना! मला पौल आवडतो तो यासाठी.

उपासनेत पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं पद चाललं होतं. पुढच्या बाकावर दोन मावश्या. शेताच्या बांधावरून त्यांच्यात अबोला. एकीचं गीतपुस्तक घरी राहिलेलं. दुसरीनं आपलं मधोमध धरलं. बोलल्या मात्र नाहीत. असू दे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्या घरालाही एका श्रद्धेत यायला मधली पाच वर्षं लागलीच की.

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक आहे. येणाऱ्यांनी कृपा करून पत्राचा सहावा, दाव्यांवरचा अध्याय घरून वाचून यावा.