गोलपोस्टच्या मागे

परवा नववीचे निबंध तपासत होतो. एका मुलानं लिहिलं होतं, 'आमचे घर मशिदीच्या दाव्या बाजूला आहे.' त्याला डावी म्हणायचं होतं की उजवी, मलाच कळेना. उर्दू माध्यमाची मुलं हा घोळ हमखास घालतात. उर्दूतला दायाँ म्हणजे मराठीतला उजवा, आणि मराठीतला डावा म्हणजे उर्दूतला बायाँ. दायाँ आणि डावा, कानाला सख्खे भाऊ वाटतात आणि तोंडं मात्र विरुद्ध दिशांना. लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. याच एका शब्दापायी १९९९ साली आमचं कॉलेज एक मॅच हरलं होतं, आणि ती गोष्ट मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलेली नव्हती.

मी मूळचा सोलापूरचा. बारावीपर्यंत सगळं शिक्षण उर्दूतून. १९९७ मध्ये बीएसाठी कोल्हापूरला मामूंकडे आलो. सोलापूर तेव्हा शिवाजी विद्यापीठातच होतं, त्याचं वेगळं विद्यापीठ झालं ते २००४ मध्ये. अब्बांचा हिशेब सरळ होता: डिग्री तीच, विद्यापीठ तेच, आणि राहणं-जेवणं मामूंच्या घरी. मामू उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि उरलेला सगळा जीव फुटबॉलला द्यायचे.

मी पोचलो त्याच महिन्यात, १३ जुलैला, कलकत्त्यात फेडरेशन कपची सेमीफायनल झाली. ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ नं हरवलं, बायचुंग भूतियानं हॅटट्रिक केली आणि मॅच बघायला एक लाख एकतीस हजार माणसं आली होती. मामूंनी ती बातमी मला तीनदा वाचून दाखवली. आम्ही सोलापूरला क्रिकेटवर वाढलेलो. फुटबॉलसाठी एवढी माणसं जमतात हेच मला खरं वाटेना. "रुक, सीझन शुरू होने दे," मामू म्हणाले.

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिलेला नाही त्यांना तो सांगून कळणं अवघड आहे. तिथं संघ असतात ते तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं मी मुलाणी, बागवान, पाटील अशी आडनावं ऐकावीत तशी आठवड्याभरात शिकलो. पेठापेठांतली ईर्षा शाहू स्टेडियमवर उतरते. मोहरमला पंजे बसवायचे, गणपतीत मिरवणूक काढायची आणि मॅचला गळा बसेस्तोवर ओरडायचं, हे सगळं करणारी पोरं तीच. मामू मला दर मॅचला न्यायचे. पण खरं सांगू? त्या हजारोंच्या गर्दीत मी कोपऱ्यातच बसायचो. माझं मराठी पुस्तकी होतं, तेही तुटकं. एकदा 'रेफरी महाशय, हे अयोग्य आहे' असं काहीतरी ओरडलो आणि पुढच्या दोन पायऱ्यांवरची माणसं मागं वळून हसली. त्यानंतर महिनाभर मी तोंड उघडलं नाही.

माझी जागा मला सापडली ती कॉलेजच्या संघामागं. आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात एक जुनी ढाल होती आणि भिंतीवर मिशावाल्या खेळाडूंचे काळे-पांढरे फोटो. एकेकाळी दबदबा असावा. मी आलो तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. शहरातली चांगली पोरं एक-दोन मोठ्या कॉलेजांत जायची, कारण तिथं फी माफ व्हायची आणि बूट मिळायचे. आमच्याकडे यायची ती मार्क कमी पडलेली पोरं. जिमखान्याचा पैसा क्रिकेटच्या मॅटवर जायचा. फुटबॉलला वर्षाला एक बॉल. जर्सीवरचे नंबर धुऊन धुऊन गेलेले, त्यामुळे आठ आणि तीन यांत फरक राहिला नव्हता. स्टडचे बूट सहा जोड, खेळणारे अकरा. बाकीचे कॅनव्हासच्या बुटांवर चिखलात घसरायचे.

विद्यापीठाची झोनल स्पर्धा बाद पद्धतीची. म्हणजे पहिली मॅच हरलात की पुढच्या वर्षी या. १९९७ मध्ये आम्ही पाच गोलनी हरलो, १९९८ मध्ये तीन. सुधारणा आहे, असं आमचे स्पोर्टचे सर म्हणाले आणि ते थट्टा करत नव्हते. वर्षभर सराव करायचा तो सप्टेंबरातल्या एका संध्याकाळसाठी.

प्रेक्षक किती? पहिल्या वर्षी मोजून आठ. त्यातला एक चणेवाला. पण आठांत माणूस दिसतो. दुसऱ्याच दिवशी कॅप्टननं मला नावानं हाक मारली आणि पाण्याची कळशी हातात दिली. मग मी पंप मारायचो, चुना टाकायचो, स्कोअर एका वहीत उर्दूत लिहायचो. ओरडायला मराठी लागायचंच, आणि तिथं माझ्यावर हसायला फारसं कुणी नव्हतं. 'सोड की', 'दे की', 'माणूस आलाय मागनं' हे मी तिथं शिकलो. माझ्या मराठीचा पाया कुणी विचारला तर मी आजही बीएडचं नाव सांगतो. तो खोटेपणा आहे.

आमचा गोलकीपर शिवाजी पेठेतला. उंच, हडकुळा, झेप घ्यायला भीत नसे. १९९८ च्या पावसाळ्यात मला त्याचं गुपित कळलं. त्याला लांबचं दिसत नव्हतं. वर्गात तो चष्मा लावायचा, मैदानावर खिशात. मध्यरेषेपलीकडचं सगळं त्याला धुक्यात हलणाऱ्या रंगांसारखं दिसायचं. बॉल कुठं आहे हे तो बॅकच्या ओरडण्यावरून आणि बुटांच्या आवाजावरून ओळखायचा. ज्या गोलांवरून पोरं त्याला शिव्या द्यायची, ते त्याला दिसलेलेच नव्हते.

"कुणाला बोलू नकोस भावा," तो म्हणाला. "मी बसलो की दहाच उरत्यात."

हे खरं होतं. दुसरा कीपर नव्हताच. मी बोललो नाही. उलट आम्ही एक युक्ती काढली. मी गोलपोस्टच्या मागं उभं राहायचं आणि त्याला सांगत राहायचं. मी त्याच्या पाठीशी, म्हणजे त्याचा डावा तोच माझा डावा, घोळ नको. 'लांब आहे', 'उजवीकडनं आला', 'एकटा आहे, बाहेर ये', 'डावी, डावी!' सरावात हे इतकं जमलं की सर त्याला म्हणाले, यंदा तुझी नजर बसली. आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता हसलो.

१९९९ ची मॅच शहरातल्याच एका तगड्या कॉलेजबरोबर पडली. पाऊस नुकताच थांबला होता. आम्ही पूर्ण हाफ गोल खाल्ला नाही, आणि दुसऱ्या हाफची पंधरा-वीस मिनिटंही गेली. काठावर माणसं जमायला लागली, दुसऱ्या कॉलेजांची पोरं सायकली थांबवून बघायला लागली. आमच्या मॅचला पहिल्यांदा गर्दी झाली होती. मी बोलत होतो, तो झेपावत होता. एक बॉल तर त्यानं निव्वळ माझ्या आवाजावर पंच केला. असर निघून चालली होती, मनातल्या मनात माफी मागत मी तिथंच उभा राहिलो.

मग त्यांच्या फॉरवर्डनं डीच्या बाहेरून मारला. मध्ये चार-पाच जणांची भिंत, समोरून उतरतं ऊन. माझ्या गोलकीपरला काही म्हणजे काही दिसत नसणार, हे मला माहीत होतं. बॉल उजव्या खांबाकडे वळताना मला स्वच्छ दिसला. आणि मी ओरडलो,

"दाएँ!"

दोन वर्षं मी मराठीत ओरडत होतो. त्या एका क्षणी मदरशातला, शाळेतला, अम्मीच्या घरातला शब्द बाहेर आला. तो डावीकडे झेपावला. पूर्ण ताकदीनं. बॉल उजवीकडून आत आला. पोस्टला जाळी नव्हती, त्यामुळे तो थेट माझ्या पायावर येऊन आदळला. मीच तो उचलून परत फेकला.

०-१. तेवढ्यावर संपलं.

कॅप्टननं त्याला सगळ्यांसमोर आंधळा म्हटलं. सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी पाठही थोपटली नाही. तो माझ्याकडं एकदाच बघून गेला. मी बोलू शकलो असतो. माझी चूक आहे, मी चुकीचं सांगितलं, एवढंच. पण ते सांगायचं तर मग चष्म्याचंही सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. हे कारण चांगलं होतं, म्हणून मी ते वापरलं. खरं कारण वेगळं होतं. इतक्या मेहनतीनं मी त्यांच्यातला झालो होतो, आणि नेमक्या वेळी तोंडातून उर्दू निघालं हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शेवटचं वर्ष होतं. त्यानं जर्सी धुऊन परत केली आणि पुन्हा मैदानावर आला नाही. वहीत मी त्या दिवशी फक्त आकडा लिहिला.

नंतर मी बीएड केलं, नोकरीला लागलो. कोल्हापूरच्या फुटबॉलची बातमी दिसली की वाचायचो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला तेव्हा शाळेत मुलांना पेढे वाटले. मुलांना कळलं नाही सरांचा त्याच्याशी संबंध काय.

गेल्या हिवाळ्यात मामूंच्या नातवाच्या लग्नाला गेलो होतो. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती, शाहू स्टेडियमवर मॅच होती. पायऱ्या चढताना कुणीतरी हाक मारली. टक्कल, पोट, जाड काचांचा चष्मा. आवाजावरून ओळखलं. शेजारी बसलो. पोराबाळांची चौकशी झाली, शेंगा झाल्या. हाफटाइमला मी सांगून टाकलं. दाएँ म्हणजे काय, डावा म्हणजे काय, सगळं, वर्गात समजावतो तसं.

तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "तू वरडायच्या आधीच मी पडलो होतो रं."

हे खरं की माझं मन राखायला म्हणाला, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला तेव्हा विचारावं असं वाटलं, पण खेळ सुरू झाला होता आणि समोर कॉर्नर मिळाला होता. त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला.

"कोण मारतोय?" त्यानं विचारलं.

"दहा नंबर," मी म्हणालो. "डावीकडनं. पाय पण डावाच."