पश्चिमेला समुद्र



जानेवारीत आम्ही लक्षद्वीपच्या जहाजासाठी कोचीला गेलो, हे बस्तीत सगळ्यांना माहीत आहे. आल्यापासून जो तो विचारतोय, "वहिनी, जहाजातले फोटो दाखवा की." आहेत फोटो, पण ते यांच्या मोबाईलमध्ये. त्यात मी एकाही फोटोत नाही. का नाही ते प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगून थकले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

यांना जहाजाचं वेड लहानपणापासूनचं. शाळेच्या सहलीत रत्नागिरीला जहाज पाहिलं आणि ते डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे दुकान, उधाऱ्या, मुलांची शिक्षणं. आमचं दोघांचं म्हणून जे काही नावेत बसणं झालं ते 2019 च्या महापुरात. गावभागातल्या घराच्या पहिल्या मजल्यावरून बचाव पथकाच्या रबरी बोटीत उतरलो होतो. माझ्या हातात देवाची पेटी, यांच्या हातात औषधांची पिशवी. तेव्हाच हे म्हणाले होते, "एकदा पूर नसताना बसू."

आता दुकान मुलाकडे दिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून यांनी कोचीहून निघणाऱ्या एम. व्ही. कवरत्ती जहाजाची 'समुद्रम्' ही पाच दिवसांची सहल ठरवली. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं. दिवसा बेटावर, रात्री जहाजात. लक्षद्वीपला आपल्यालाही परवाना लागतो, त्याचे फॉर्म आले, फोटो चिकटवले, मी सह्या केल्या. कोचीपर्यंत रेल्वेनं जाऊ म्हटलं तर, "नाही, गाडीनं जायचं. वाटेत श्रवणबेळगोळ करू, धर्मस्थळ करू, मूडबिद्री करू." वय अडुसष्ट. पण गाडी चालवताना माणूस तीस वर्षांनी लहान होतो, हे मी पाहिलंय.

निघायच्या आदल्या रात्री पाणी गाळायचं नवं गाळणं शोधत होते. कपाटात खालच्या खणात जुन्या हिशेबाच्या वह्या आहेत. त्यातली एक सहज उघडली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: उत्तरेला हिमालय. पूर्वेला सम्मेदशिखरजी. दक्षिणेला कन्याकुमारी. पश्चिमेला समुद्र. खाली 2008 सालच्या चातुर्मासातली तारीख.

ते माझं दिग्व्रत. त्या वर्षी आपल्याकडे माताजींचा चातुर्मास होता, रोज दुपारी स्वाध्याय चालायचा, आठवत असेल काही जणींना. श्रावकाची बारा व्रतं शिकवली. पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं. गुणव्रतांत पहिलं दिग्व्रत. दाही दिशांना जन्मभराची मर्यादा घालून घ्यायची, तिच्यापलीकडे जायचं नाही, काही मागवायचं नाही. मर्यादा कशाची घालावी, तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणांची. समुद्र, नदी, रान, डोंगर. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली होती. मर्यादेपलीकडच्या जगात आपल्या हातून बारीकशीही हिंसा होत नाही, म्हणून तेवढ्या जगापुरती आपली अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात. म्हणजे स्वयंपाकघरात दिवसभर राबणारी मी, पण अरबी समुद्रापुरती महाव्रती! तेव्हा हसू आलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

आणि मी ते विसरले. पर्युषणात बाकीची व्रतं वाचते, पण हे कधी अडलंच नाही. समुद्र ओलांडायची वेळ कुठे आली होती? मर्यादा विसरणं हाही या व्रताचा अतिचार सांगितला आहे. परवान्याच्या फॉर्मवर सही केली तेव्हाच तो लागला.

वही मिटली आणि खणात ठेवली. गाडीत डबे भरून झाले होते, मुलगी पुण्याहून निरोप द्यायला आली होती, हे अंगणात टायरची हवा बघत होते. मी काही बोलले नाही.

रविवारी पहाटे निघालो. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात स्तवनिधीला पार्श्वनाथांचं दर्शन घेतलं, ब्रह्मदेवाला नारळ. एरवी तिथे मन शांत होतं. त्या दिवशी मी डोळे मिटून हिशेब करत होते. मी बी.कॉम. आहे, सांगलीच्या चिंतामणराव कॉलेजची. पुढे नोकरी केली नाही, पण डोकं अजून खात्यावरच चालतं. पहिला विचार हा आला की, लिहिलंय 'समुद्र', 'समुद्रकिनारा' नाही. व्याज काढताना पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही हे आधी ठरवावं लागतं. मग समुद्र धरूनच मर्यादा असं का म्हणू नये? दुसरा विचार, हिमालयाकडे या गुडघ्यांनी मी काही जाणार नाही. उत्तरेचे हजार किलोमीटर कमी करून पश्चिमेला चारशे वाढवले तर एकूण क्षेत्र कमीच होतं! दावणगेरे येईपर्यंत हे मला जवळजवळ पटलं होतं. मुक्कामावर मोबाईलवर तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. तिथे ही पळवाट अतिचारांत नावानिशी लिहिलेली: क्षेत्रवृद्धी. एका दिशेचं कमी करून दुसरीचं वाढवणं. माझ्यासारखे हिशेबी लोक तेव्हाही असणार!

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी जेवणाचं सांगते. दुधात मळलेल्या गुळाच्या दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, तसंच भडंग, भाजलेली मुगाची डाळ आणि तांदळाचा रवा वेगवेगळ्या डब्यांत, छोटी इंडक्शन शेगडी आणि एक पातेलं. कर्नाटकात हॉटेलं भरपूर, पण सांबारात कांदा, आणि इडलीचं आंबवलेलं पीठ मला चालत नाही. हे खातात. संध्याकाळी सहाच्या आत माझं खाणं-पाणी आटपतं, म्हणून साडेचारलाच मुक्कामाची जागा बघायची. यांना ते जाचक वाटेल असं मला वाटलं होतं. उलट म्हणाले, "अंधारात गाडी चालवायला मला तरी कुठे दिसतंय." क्षेत्रावर मात्र भोजनालय असतं, तिथे डबे उघडावे लागत नाहीत.

श्रवणबेळगोळला हे डोलीनं वर गेले नाहीत, मग मीही नाही. साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या, पायमोजे घालून, बसत उठत. वर सत्तावन्न फुटांचे बाहुबली. हजार वर्षांहून अधिक काळ तसेच उभे, मांड्यांवर वेली चढलेल्या. चामुंडरायानं 981 च्या सुमारास करवलेली मूर्ती. आपल्या पायांशी मराठी शिलालेख आहे याचं यांना दर वेळी नव्यानं कौतुक वाटतं. ते तिथे वाकून अक्षरं लावत बसले आणि मी वर बघत राहिले. भरतानं सगळ्या दिशा जिंकल्या, तरी चक्र नगरीच्या वेशीबाहेर अडलं, कारण घरचाच भाऊ राहिला होता. बाहुबली जिंकले आणि सोडून निघाले. पण वर्षभर उभे राहूनही मनात एक शल्य राहिलं, आपण भरताच्या जमिनीवर उभे आहोत, असं लहानपणी ऐकलंय. माझं शल्य त्यापुढे किती क्षुल्लक! तरी ते टोचतंच होतं.

खाली एका माताजींचं दर्शन झालं. मी सगळं सांगितलं. समुद्र धरून की सोडून, हेही विचारलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "लिहिलंस तेव्हा तुझ्या मनातला समुद्र कुठला होता?"

मी तोवर समुद्र एकदाच पाहिला होता. गणपतीपुळ्याला, वाळूवर उभं राहून.

"मग तुला माहीत आहे," म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "घरात सांगितलंस?"

तिथे मला खरी लाज वाटली. शल्य असेल तर तो व्रती नव्हे असं आपण शिकतो. माया, मिथ्या, निदान ही तीन शल्यं, त्यांत पहिली माया, म्हणजे कपट. चार दिवस मी व्रत मोडेल का याचीच काळजी करत होते, आणि शेजारी बसलेल्या माणसापासून लपवत होते ते कुठल्याच खात्यावर मांडलं नव्हतं.

तरी शिराडी घाट उतरेपर्यंत धीर झाला नाही. धर्मस्थळचे बाहुबली झाले, वेणूरचे झाले. बुधवारी संध्याकाळी मूडबिद्रीला हजार खांबांच्या बसदीत बसलो होतो. 1430 साली बांधायला घेतलेली बसदी ती. म्हणतात एका खांबासारखा दुसरा नाही. हे एकेक खांब बघत हिंडत होते, लहान मुलासारखे मला दाखवत होते. मी म्हटलं, "जरा बसा. मला जहाजात बसता येणार नाही."

सगळं ऐकून घेतलं. व्रताबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "शनिवारी रात्री तुला कळलं. आज बुधवार." आणि उठून पुढच्या खांबाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मंगळूर, कासरगोड, कण्णूर. रस्ताभर नारळीची झाडं, रुंदीकरणाचं काम आणि धूळ. यांच्या तोंडून "टोलचे सुट्टे काढ" याशिवाय काही नाही. टोल फास्टॅगनं कापला जातो हेही रागात विसरले होते. मी दशमी पुढे केली, ती घेतली. म्हटलं, एवढं तरी ठीक आहे.

कण्णूरच्या पुढे मुळप्पिलंगाड म्हणून जागा आहे. तिथे वाळू इतकी घट्ट की चार किलोमीटर किनाऱ्यावरून गाडी चालवतात. कुणीतरी यांना सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी न विचारता गाडी तिकडे वळवली आणि थेट वाळूत घातली. एका बाजूला समुद्र, खिडकीच्या इतका जवळ की थेंब उडत होते. मध्येच थांबून म्हणाले, "उतर. नक्की कुठपर्यंत चालतं तुला?"

मी चपला काढल्या आणि ओल्या वाळूच्या रेषेपर्यंत गेले. लाट आली आणि घोट्यापर्यंत पाणी. मी दचकून मागे सरले. हे इतके हसले की गाडीला टेकून उभे राहिले. "आता समुद्रच तुझ्याकडे आला, त्याला काय प्रायश्चित्त?" त्यावर मलाही हसू आलं. चार दिवसांचं दोघांचंही काहीतरी तिथे सुटलं.

मग म्हणाले, "मी पण रद्द करतो." मी म्हटलं, "तुम्ही कुठे दिग्व्रत घेतलंय? माझ्या व्रताचं ओझं तुमच्या डोक्यावर टाकलं तर तो वेगळाच दोष." बराच वाद झाला. माझे पैसे परत मिळणार नव्हते, ते दोघांनी नेसूचं सोडल्यासारखं सोडून दिले असं म्हणणार नाही, मला हळहळ वाटली. हिशेबी स्वभाव जात नाही.

रविवारी विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर यांना सोडलं. ते बेट पुलानं जोडलेलं आहे, तेव्हा तिथवर जायला माझी हरकत नव्हती. पिशवीत पाच दिवसांच्या दशम्या, गाळणं, औषधांच्या तीन डब्या, वर चिठ्ठी. मग रिक्षा करून फोर्ट कोचीला गेले. चिनी जाळ्यांच्या पुढे जिथून जहाजं खाडीबाहेर पडतात तिथे दोन तास उभी होते. जहाज आलं तेव्हा कठड्यावर बरीच माणसं होती, हे त्यांत कुठे ते ओळखता आलं नाही. तरी हात हलवला. आणि मग रडले, ते लपवत नाही. जाऊ, आपण काहीतरी अगोचरपणा केला असं वाटलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस एकटा, समुद्रात फोनला रेंज नसते. आमच्या नणंदबाई अजून मला याबद्दल बोलतात, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला चोख उत्तर नाही.

पाच दिवस मी मट्टनचेरीत राहिले. तिथे गुजराती लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, श्वेतांबरांचं धर्मनाथ भगवानांचं मोठं मंदिर आहे. आपण दिगंबर, रीत वेगळी, पण 'जय जिनेंद्र' म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. दुपारी मंदिरात कबुतरांना दाणे घालतात, त्या वेळी मी रोज जायचे. एक बा ओळखीच्या झाल्या. त्या तिथेच जन्मल्या, समुद्र रोज दिसतो, पण कधी जहाजात बसल्या नाहीत. "काम नथी पड्युं," म्हणाल्या.

शुक्रवारी हे उतरले ते उन्हानं काळे होऊन. चिठ्ठी खिशातच होती. दशम्या संपल्या होत्या. जहाजातलं जेवण बघून शाकाहारी भातावर आणि आपल्या चटणीवर भागवलं म्हणाले, आणि पहिले दोन दिवस पोटात ढवळत होतं तेही सांगितलं. मिनिकॉयचा दीपस्तंभ चढले. "तू असतीस तर निम्म्यात बसली असतीस." कवरत्तीला काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघितले. ते बघताना गप्प झाले होते म्हणे, एवढे जीव एका जागी कधी पाहिले नव्हते.

परत येताना उडुपीच्या अलीकडे एकदम म्हणाले, "रोज सकाळी हजेरी घ्यायचे. तुझंही नाव यादीत होतं. पहिल्या दिवशी त्या पोरानं विचारलं, मॅडम कुठे आहेत?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, किनाऱ्यावर आहेत. दुसऱ्या दिवसापासून तोच स्वतः म्हणायचा, मॅडम किनाऱ्यावर, आणि खूण करायचा."

घरी आल्यावर ती वही मी खालच्या खणातून काढून देवघरात ठेवली आहे. परवा बघितलं तर माझ्या पानाच्या शेजारच्या कोऱ्या पानावर यांनी पेन्सिलीनं चार दिशा लिहून ठेवल्या आहेत. तीन दिशांपुढे काही नाही. पश्चिमेपुढे 'मिनिकॉय' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. मी काही विचारलेलं नाही.