सांगितलं नाही ते वाजवणारा प्रोग्राम

शिकागोचे ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस १९७१ साली ‘एएसीएम’ या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या संस्थेत दाखल झाले. १९८०च्या दशकात त्यांनी ‘व्हॉयेजर’ हा प्रोग्राम लिहिला. तो समोरच्याचं वादन ऐकतो, कधी त्याला उत्तर देतो, कधी स्वतःचंच काही वाजवत राहतो. वादक थांबला तरी त्याचं चालूच.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे सांगितलं नाही ते करणारा प्रोग्राम म्हणजे बग. लुईस यांनी यंत्राला साथीला बसवलं नाही, जुगलबंदीला बसवलं. जुगलबंदीत समोरचा आपलं ऐकेल एवढीच खात्री असते. मानेलच असं नाही. स्वतः लिहिलेल्या कोडला एवढी मोकळीक द्यायला माझी छाती होत नाही. म्हणूनच मी त्यांचं वादन पुन्हा पुन्हा ऐकतो.