दान कीं देणें?

संस्कृत शिकविण्यांत आमचें सारें आयुष्य गेलें. त्यामुळें परक्या भाषेंतील एखादा शब्द कानीं आला, कीं त्याचा धातु शोधावयाची खोड आम्हांस जडली आहे. यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेंतील ‘त्सेदाका’ हा शब्द असाच आमच्या मनांत घर करून राहिला आहे. व्यवहारांत त्याचा अर्थ गरजूंस साहाय्य करणें असा होतो. परंतु तो ज्या धातूपासून निघाला त्याचा अर्थ न्याय. आपल्या ‘दान’ शब्दांत देणाराचें औदार्य आधीं दिसतें. त्सेदाकेंत घेणाराचा हक्क आधीं दिसतो. मराठीनें मात्र मोठी गंमत केली आहे. हातानें दिलें तेंही ‘देणें’, आणि फेडावयाचें राहिलें तेंही ‘देणें’!

बाराव्या शतकांतील मायमोनिडीस या यहुदी पंडितानें त्सेदाकेच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुरकुरत दिलेलें सर्वांत खालीं. देणारा व घेणारा यांस परस्परांची ओळखही नाहीं, असें दिलेलें फार वर. आणि सर्वांच्या वर, गरजूस कर्ज, भागी किंवा काम देऊन त्याजवर पुन्हा हात पसरण्याची वेळच येऊं न देणें.

या विचाराचा प्रत्यक्ष संसार पाहावयास दूर जावें लागत नाहीं. आमच्या लहानपणीं ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत, त्या आजच्या रायगड जिल्ह्यांत बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहिले. आपले पूर्वज नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, पेणकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्याच वळणाचीं, आणि घरची भाषा मराठी. नवस फेडतांना, शुभकार्यांत ते ‘मलिदा’ करितात. त्यांत गोड पोहे, नारळ व फळें असतात, आणि एलिया पैगंबराचें स्मरण होतें.

त्यांच्या धर्मांत सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष जमावे लागत. एकट्यादुकट्यानें भागत नाहीं. म्हणून जेथें वस्ती, तेथें संस्था आलीच. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं 1796 सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं 1875 सालीं मुलांसाठीं शाळा काढली. तीच पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें माझगांवीं प्रसिद्धीस आली. पुढें तेथें यहुदी मुलें थोडीं राहिलीं, तरी शाळा चालली आणि इतर समाजांचीं मुलें तींत शिकलीं. मायमोनिडीसची सर्वांत वरची पायरी याहून निराळी ती कोणती?

पुढें 1880 च्या सुमारास या मंडळींनीं आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनांतून सांगावयास आरंभ केला. 1913 सालीं स्त्री मंडळ निघालें. याच समाजांतील डॉक्टर जेरुशा झिराड यांनीं विलायतेस जाऊन वैद्यक पुरें केलें आणि कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. 1966 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. अशी एक मुलगी शिकली, म्हणजे मुंबईंतील किती जातींच्या लेकीसुनांचीं बाळंतपणें सुखरूप होतात!

परंतु न्यायाचा शब्द जिभेवर असला, म्हणजे तो घरांतही असतोच असें नाहीं. या लहानशा समाजांतच ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. गोरे काळ्यांशीं सोयरीक करीत नसत. इकडे कित्येक बगदादी यहुदी तर साऱ्याच बेने इस्राएलांस बरोबरीचे मानीत नसत. 1948 नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें हळूहळू इस्राएल देशांत गेलीं. तेथेंही 1962 सालीं धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहांपूर्वीं कुळाची चौकशी करावी, असा दंडक घातला. तेव्हां 1964 सालीं या लोकांनीं जेरुसलेम येथें धरणें धरलें, आणि बेने इस्राएल हे सर्वार्थानें यहुदी होत, असें तेथील संसदेस जाहीर करावें लागलें. धर्मबंधूंकडून त्यांनीं भिक्षा मागितली नाहीं, देणें मागितलें.

हें वाचून ‘परक्यांच्या घरांतलें उणें तें’ असें कोणी म्हणूं नये. आमचे वडील वार लावून शिकले. सात दिवस, सात घरें. अन्न सर्वत्र सारखेंच मिळे; परंतु एका घरीं त्यांचा पाट घरच्या मुलांच्या ओळींत असे, आणि दुसऱ्या घरीं पडवींत. म्हातारपणीं त्या घरांतील पक्वान्नें ते विसरले, पाट मात्र विसरले नाहींत. पडवींत वाढणाराही स्वतःस दाताच समजत असेल!

आज वार लावण्याची चाल गेली. पण आश्रित गेले नाहींत. घरांतील विधवा आत्या, नोकरी सुटलेला पुतण्या, कामवाल्या बाईची हुशार मुलगी, यांना आपण जें देतों तें कोणत्या पायरीवरचें आहे? जुनें लुगडें आणि सणाची ओवाळणी यांनीं आपलें मन हलकें होतें; त्यांचें ओझें हलकें होतें काय? मोठ्या कुटुंबानें महिन्याकाठीं थोडी रक्कम काढून एका मुलीचें शिक्षण शेवटपर्यंत नेलें, आणि त्याची वाच्यता केली नाहीं, तर आमच्या मतें तें एका सहस्रभोजनाहून मोठें आहे. मात्र हिशेब लिहितांना ती रक्कम धर्मादायाच्या खात्यावर घालूं नये. देण्याच्या खात्यावर घालावी.