जमाखर्चाने दिलेले धैर्य

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला भीती ठाऊक नसते, असा लोकांचा समज असतो. भावाची तेजीमंदी सोसणारा, उधारीवर माल देणारा आणि नफ्यातोट्याची नोंद एकाच शांतपणे करणारा माणूस कशाला भिणार? घराच्या आत डोकावले तर चित्र निराळे दिसते. दुकानात नव्याने बसू लागलेला मुलगा तीन महिने उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन करायचा म्हणून सकाळपासून आकडा काढून ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत फोन करत नाही. सुनेला बँकेत जाऊन खात्यातील एका नोंदीचा खुलासा विचारायचा असतो. पण आपला प्रश्न अडाणीपणाचा ठरेल या विचाराने ती चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हाती देते. लाखोंचे सौदे तोंडी करणारे शेठजी समाजाच्या सभेत दोन शब्द बोलण्याची वेळ आली की शेजारच्याला पुढे करतात.

या तिन्ही प्रसंगांत कोणाच्या जिवाला धोका नाही, धनालाही नाही. धोका आहे तो नावाला. जैन परंपरेने सात भये सांगितली आहेत. स्थानांगसूत्राच्या गणनेत मरणभयाच्या लगत जे सातवे भय येते, ते अश्लोकभय, म्हणजे अपकीर्तीचे भय. लोक काय म्हणतील, हसतील काय, आपली किंमत कमी होईल काय, ही त्याची रोजची रूपे. मरणाच्या शेजारी त्याला जागा मिळावी, यातच त्याचे बळ ओळखलेले आहे.

या भयाने ज्याला जवळजवळ निकामी केले होते अशा एका वणिकपुत्राची हकीकत सर्वांना परिचित असूनही तिचा हा भाग सहसा सांगितला जात नाही. तो वणिकपुत्र म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. पुढे ज्यांच्या निर्भयतेचा दाखला साऱ्या जगाने दिला, त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या भित्रेपणाची नोंद एखाद्या प्रामाणिक मुनिमाप्रमाणे, काही न लपवता करून ठेवली आहे. लहानपणी चोर, भूत आणि साप यांच्या भीतीने त्यांना दिव्याशिवाय झोप येत नसे. शाळा सुटताच ते धावत घर गाठत. वाटेत कोणी बोलेल, थट्टा करील, ही धास्ती असे.

1888 साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले. जाण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांच्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली होती. ती त्यांनी निष्ठेने पाळली. म्हणजे मनोबल मुळातच नव्हते, असे नाही. एकट्याने व्रत पाळण्याचे बळ होते. चार माणसांपुढे उभे राहण्याचे नव्हते. लंडनमधील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्यांची निवड झाली, पण बैठकीत ते मुके बसून राहत. एकदा आपले मत त्यांनी कागदावर लिहून नेले, तेही दुसऱ्याला वाचावे लागले. शाकाहाराच्या प्रसारासाठी भरलेल्या एका सभेत जेमतेम एका पानाचे भाषण वाचण्यास ते उभे राहिले, तो डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय कापू लागले. मायदेशी परतताना मित्रांना दिलेल्या निरोपाच्या भोजनप्रसंगी त्यांनी एक विनोदी प्रस्तावना तयार केली होती. पहिल्या वाक्यानंतर पुढचे आठवेना. आभार मानून ते खाली बसले.

1891 साली ते परतले तेव्हा परिस्थिती थट्टेची राहिली नव्हती. वडील बंधूंनी त्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला होता. धाकटा भाऊ बॅरिस्टर झाला, आता वकिली जोरात चालेल, या भरवशावर घरखर्चही वाढवून ठेवला होता. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला दावा मिळाला. ममीबाई नावाच्या बाईचे वकीलपत्र, फी 30 रुपये. काम एका दिवसाचे होते. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यासाठी ते उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, काम देणाऱ्या मध्यस्थाला फी परत केली आणि दुसरा वकील नेमण्यास सांगितले. त्या वकिलाला 51 रुपये देण्यात आले. बाईंचा दावा जिंकला की हरला, हे पाहण्यासाठीदेखील ते थांबले नाहीत. पूर्ण धैर्य येईपर्यंत दावा घ्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले आणि दक्षिण आफ्रिकेस जाईपर्यंत ते पुन्हा कोर्टात उभे राहिले नाहीत. दिवसाला एक तास इंग्रजी शिकवण्याच्या 75 रुपयांच्या नोकरीसाठी त्यांनी अर्ज केला. पदवी नाही म्हणून तीही मिळाली नाही.

'धैर्य आले की काम करीन' हा निश्चय वरवर शहाणपणाचा वाटतो. खरे पाहता भीतीला हवे असते तेच या निश्चयात घडते. धैर्य घरी बसून येत नाही, आणि न केलेल्या कामाचा बाऊ मात्र दिवसेंदिवस वाढतो. फोन न करणाऱ्या मुलाला आठव्या दिवशी तोच फोन पहिल्या दिवसापेक्षा जड वाटतो, याचे कारण हेच.

पुढे पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्याच्या दादा अब्दुल्ला या पेढीने एका मोठ्या दाव्यात साहाय्य करण्यासाठी त्यांना दक्षिण आफ्रिकेस बोलावले. एक वर्षाचे काम, 105 पौंड आणि जाण्यायेण्याचे भाडे. बॅरिस्टरापेक्षा पेढीच्या नोकराला शोभावे असेच ते बोलावणे होते, पण त्यांनी ते स्वीकारले. 7 जून 1893 रोजी डर्बनहून प्रिटोरियास जाताना मॅरिट्झबर्ग स्थानकावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून उतरवण्यात आले. हा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यातील एक लहान तपशील मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तिकडे जूनमध्ये हिवाळा असतो आणि ते गाव उंचावर वसलेले आहे. ओव्हरकोट सामानात होता आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात होते. तो मागितला तर पुन्हा अपमान होईल, या भीतीने त्यांनी तो मागितला नाही. रात्रभर ते अंधाऱ्या खोलीत कुडकुडत बसले.

स्वतःचाच कोट मागण्याची भीती! अश्लोकभयाचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. आपल्या हक्काची वस्तू, आपलेच येणे, आपल्याच खात्याचा खुलासा मागण्यापेक्षा थंडी सोसणे माणसाला सोपे वाटते. त्या रात्री त्यांच्यापुढे दोन मार्ग होते: परत फिरावे किंवा हाती घेतलेले काम पुरे करावे. त्यांनी दुसरा मार्ग धरला. भीती गेली होती म्हणून नव्हे. काम अर्धवट टाकून जाणे त्यांना भित्रेपणाचे वाटले म्हणून.

त्याआधी, प्रिटोरियास निघण्यापूर्वी डर्बनमध्ये जे घडले होते, ते व्यापारी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. तो दावा 40,000 पौंडांचा होता आणि सगळा खातेवह्यांवर उभा होता. या बॅरिस्टरांना जमाखर्च येत नव्हता. 'पी. नोट' हा शब्द त्यांना अडला. त्याचा अर्थ त्यांना लागेना आणि शब्दकोशातही सापडेना. शेवटी त्यांनी पेढीच्या कारकुनाला विचारले. 'पी. नोट' म्हणजे प्रॉमिसरी नोट, वचनचिठ्ठी, हे त्याच्याकडून कळले. मग हिशेबलेखनाचे पुस्तक विकत आणून त्यांनी ते नीट अभ्यासले. त्यानंतरच आपल्याला थोडा आत्मविश्वास आला, असे ते सांगतात.

विलायतेतील पदवीने जो आत्मविश्वास दिला नव्हता, तो एका कारकुनाला विचारलेल्या प्रश्नाने आणि जमाखर्चाच्या पुस्तकाने दिला. बॅरिस्टराने कारकुनापुढे 'हे मला कळत नाही' असे म्हणणे, हा त्यांचा अश्लोकभयावरील पहिला छोटा विजय होता. पुढे दाव्यातील एकेक नोंद त्यांना स्वतःच्या तळहातासारखी परिचित झाली. ज्याला वस्तुस्थिती पूर्ण माहीत असते, त्याचे लक्ष स्वतःवरून उठून कामावर जाते. मुंबईच्या कोर्टात त्यांचे लक्ष थरथरणाऱ्या पायांकडे होते. प्रिटोरियात ते वहीतील आकड्यांकडे होते.

अशी एकाग्रता त्यांनी पूर्वी एका जैन गृहस्थाच्या ठायी पाहिली होती. विलायतेहून परतल्याच दिवशी मुंबईत त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली होती. हिरेमोत्यांचे लाखांचे सौदे पुरे होताच हे जवाहिरी जवळच ठेवलेली धर्माची वही किंवा ग्रंथ उघडत. व्यवहाराच्या वेळी व्यवहार आणि आत्मचिंतनाच्या वेळी आत्मचिंतन; 'माझ्याविषयी कोण काय म्हणेल' या विचाराला मध्ये जागाच नसे.

प्रिटोरियातच त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांची सभा बोलावली आणि व्यापारातील सचोटी या विषयावर भाषण केले. त्यांच्या आयुष्यातले हे पहिले जाहीर भाषण. विषय त्यांनी मनापासून तपासलेला होता आणि समोरच्यांना त्याची गरज होती. एवढ्या दोन गोष्टींवर जीभ मोकळी झाली.

या कथेचा शेवट अधिक मोलाचा आहे. दादा अब्दुल्ला आणि प्रतिपक्षाचे तय्यब शेठ हे एकमेकांचे नातलग. कोर्टात दोघेही खर्चाने बुडतील, हे ओळखून गांधींनी दोघांचे मन वळवले आणि दावा लवादाकडे नेला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. आता तय्यब शेठना 37,000 पौंड आणि खर्च भरणे आले. ती रक्कम एकदम भरणे त्यांना अशक्य होते, आणि त्या व्यापारी समाजात दिवाळे निघण्यापेक्षा मरण बरे मानले जाई. दाव्यात जिंकलेल्या पक्षाच्या या तरुण बॅरिस्टराने आपल्याच अशिलाला विनवून दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून घेतले. तय्यब शेठांची अब्रू वाचली आणि दोन घरांतले वैर मिटले.

अपकीर्तीच्या भयाने स्वतःचा कोट मागू न शकलेला माणूस वर्षभरात दुसऱ्याला त्याच भयातून सोडवू शकला. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी अभयदान पैशाच्या थैलीतून देता येत नाही. ज्याने स्वतःची भीती ओळखली आहे, तोच ते देऊ शकतो.

हे दान घरातूनच सुरू होऊ शकते. मुलाचा पहिला फोन अडखळला, तर वडिलांनी त्याच्या हातून फोन काढून घेऊ नये. खातेवही त्याच्यापुढे उघडून तारीख, माल आणि बाकी एकदा त्याच्याबरोबर वाचावी व पुन्हा त्यालाच बोलू द्यावे. सून बँकेतून अर्धवट उत्तर घेऊन आली, तर सासूबाईंनी हसू नये. उद्या काय विचारायचे ते दोघींनी मिळून लिहून काढावे. सभेत बोलणाऱ्याने भाषण पाठ करण्यापेक्षा विषय जाणून घ्यावा. आणि बुजरेपणा अगदीच गेला नाही, तरी दुःख मानू नये. गांधींचा संकोचही पुरता गेला नव्हता. त्यामुळेच आपण मोजके बोलायला शिकलो, असे त्यांनी मानले.

भीती संपण्याची वाट पाहणारा वाटच पाहत राहतो. ज्या फोनसाठी सकाळी आकडा काढून ठेवला आहे, तो आज दुकान वाढवण्यापूर्वी करावा. आवाज थोडा कापला तरी चालेल. वहीतला आकडा बरोबर असला म्हणजे झाले.