पायांची तपासणी

2008 च्या जुलैत कॉलेजच्या सूचना फलकावर एनसीसीच्या भरतीची नोटीस लागली. आम्ही मुली मैदानावर रांगेत उभ्या राहिलो. उंची मोजली, वजन केलं, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. दोन दिवसांनी यादीत माझं नाव आलं आणि हातात एक अर्ज पडला. त्यावर पालकांची सही हवी होती.

अण्णांनी चष्मा लावून अर्ज शब्दन् शब्द वाचला. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सही करता करता एवढंच म्हणाले, "सही माझी हाय पोरी, पण पाय तुझं हायेत. जपून वापर." तेव्हा मला ते बोलणं नुसतं मायेचं वाटलं. त्यातला नेमका अर्थ कळायला तीन वर्षं जावी लागली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. गावात दर दोन घरांआड भिंतीवर वर्दीतला एक फोटो असतो. आमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. भरती निघाली की पोरं पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर पळायला लागतात, हे मी कळत्या वयापासून पाहत आले. पण आमच्या गावातल्या त्या सगळ्या फोटोंत अधिकारी एकही नव्हता. शिपाई होते, नाईक होते, हवालदार होते, दोन सुभेदार होते. 'साहेब' मात्र कायम बाहेरचा, दुसऱ्या कुठल्या तरी जगातून आलेला.

ही उणीव सरकारलाही दिसत होती. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यातच सुरू झाली. मराठी मुलं अधिकारी म्हणून कमी जातात म्हणून राज्य सरकारने 1977 साली औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. पण माझ्या वेळी ही दोन्ही दारं फक्त मुलांसाठी होती. ही दारं पुढे जिथे उघडायची त्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुलींची पहिली तुकडी गेली ती 2022 मध्ये. मला अधिकारी व्हायचं असेल तर वाट एकच होती: पदवी घ्यायची आणि मग चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत जायचं. तिथे 1992 पासून मुलींना घेत होते.

हे मला सांगितलं आमच्या उस्तादांनी. बटालियनकडून आलेले हवालदार आम्हाला परेड शिकवायचे, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. रविवारची परेड संपली, हातात केळं आणि समोसा पडला की आम्ही मैदानाकडेच्या वडाखाली बसायचो. तिथे त्यांनी एकदा सगळी गणितं मांडून दाखवली. पहिल्या दोन वर्षांत 'बी' सर्टिफिकेट, तिसऱ्या वर्षी 'सी'. 'सी'ला किमान 'बी' ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत. मुलींसाठी जागा अगदी मोजक्या. "पर किसी को तो मिलेगी ना," उस्ताद म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

तिसऱ्या वर्षी मी सीनियर अंडर ऑफिसर झाले. खांद्यावरच्या त्या पट्टीचा मला फार अभिमान होता. आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा. बेल्टचं पितळ ब्रासोने असं घासायची की तोंड दिसावं. अधिकारी व्हायचं म्हणजे याचंच मोठं रूप असणार, अशी माझी समजूत होती. ती 2010 च्या डिसेंबरात, दहा दिवसांच्या शिबिरात मोडली.

शिबिरात कंपन्यांची ड्रिल स्पर्धा असते. आमच्या कंपनीत माण तालुक्यातली एक पहिल्या वर्षाची मुलगी होती. घरची कोरडवाहू शेती, वडील ऊसतोडीला जाणारे. सराव करताना तिचा पाय मागे पडायचा. "पाय आपट! झोपेत आहेस का?" असं मी तिला सगळ्यांसमोर तीनदा सुनावलं. चौथ्यांदा मैदानाला दोन फेऱ्या मारायची शिक्षा दिली. ती मुकाट्याने पळाली. दुसऱ्या दिवशी स्पर्धेत तिचा पाय अगदी तालात पडला आणि आमचा दुसरा नंबर आला.

त्या रात्री लाइट बंद व्हायच्या आधी मी बराकीतून फेरी मारत होते. ती सतरंजीवर बसून तांब्यातलं पाणी पायमोज्यावर थेंब थेंब ओतत होती. मोजा टाचेला चिकटला होता. मी टॉर्च जवळ नेली. खाकी मोज्यावर टाचेच्या जागी पाच रुपयाच्या नाण्याएवढा काळपट डाग होता, आणि मोजा सोडवताना त्याच्याबरोबर कातडीही येत होती. बूट तिचे नव्हतेच. मागच्या वर्षीच्या कुणा मुलीचे, एक नंबर मोठे. पुढच्या टोकाला तिने वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. मागे टाच मोकळीच राहायची आणि पावलागणिक घासायची.

"बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"ताई, कंपनी हारली असती."

मी तिचा मोजा सोडवला, प्रथमोपचाराच्या पेटीतून औषध आणून लावलं. झोप मात्र आली नाही. तिने सांगितलं नाही हा तिचा दोष नव्हता. मी विचारलं नाही, हा माझा होता. तीन दिवस मी तिचा पाय बघत होते, पण तो तालात पडतो की नाही एवढंच बघत होते.

फेब्रुवारीत 'सी'ची परीक्षा झाली, पुढे पदवीचा निकाल लागला. दोन्ही चांगले. आता अर्ज भरायचा की नाही, हे ठरवायची वेळ आली आणि माझं पाऊल अडखळलं. एमएस्सीला प्रवेश मिळण्यासारखे गुण होते. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणत होत्या, "शिक, प्राध्यापक हो, लग्नानंतरही टिकेल अशी नोकरी आहे." आईचं म्हणणं वेगळंच. तिने ऐन उमेदीची वर्षं अण्णांच्या पत्रांची वाट बघत काढली होती. ती म्हणाली, "एकाची वाट बघून झाली माझी. आता तुझी बघू?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अण्णांची काळजी व्यवहाराची होती आणि खरी होती. चेन्नईच्या वाटेने मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन म्हणजे दहा वर्षं, फार तर आणखी चार. त्या काळी मुलींना कायमचं कमिशन मिळायचं ते कायदा आणि शिक्षण या दोनच शाखांत. बाकीच्यांनी चौदा वर्षांनी घरी यायचं. जवानाला पंधरा वर्षांवर पेन्शन, अधिकाऱ्याला वीस वर्षांवर. "म्हंजे मी हवालदार आसून पेन्शन खातोय, आन् तू मेजर होऊन बी रिकाम्या हातानं येणार," अण्णा म्हणाले. हा अन्याय दूर व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा 17 फेब्रुवारी 2020 चा निकाल यावा लागला. 2011 मध्ये तो दूरवरही दिसत नव्हता. शिवाय पायदळात मुलींना जागाच नव्हती. अण्णांच्या पलटणीत मी कधीच जाऊ शकणार नव्हते, आणि ते मनाला लागत होतं.

पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी अण्णा गोठ्यात धार काढत होते. मी शेजारी पोत्यावर बसून त्यांना त्या टाचेची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "अण्णा, मला नाही वाटत मी साहेब व्हायच्या लायकीची आहे."

ते लगेच काही बोलले नाहीत. बादली बाजूला ठेवली, हात धुतले. मग म्हणाले, "दोन साहेबांचं सांगतो."

अण्णांची पलटण तेव्हा बर्फाच्या भागात होती. त्यांच्या प्लाटूनला एक नवा लेफ्टनंट आला, तेवीस वर्षांचा. गस्तीवरून परत आलं की हा पोरगा कोपऱ्यात टॉर्च घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "जुराब उतारो." तीसेक माणसांचे पाय तो एकेक करून बघायचा. बोटांच्या बेचक्या बघायचा, नखं दाबून रंग परत येतो का ते पाहायचा. ओले मोजे दिसले की स्वतः उभा राहून बदलायला लावायचा. अण्णांना पहिल्यांदा लाज वाटली होती. साहेबाच्या हातात पाय कसा द्यायचा? शेजारच्या प्लाटूनचा साहेब रुबाबदार होता, बोलण्यात हुशार, पण संध्याकाळी आपल्या बंकरमध्ये जायचा तो सकाळीच दिसायचा. त्या हिवाळ्यात त्या प्लाटूनमधल्या एका जवानाची दोन बोटं हिमदंशाने काढावी लागली.

"आमचा साहेब शूर होता का, मला ठावं न्हाई. तसा परसंग आलाच न्हाई," अण्णा म्हणाले. "पर माझी धा बोटं धड हायेत." आणि त्यांनी खरंच चपलेतून पाय काढून माझ्यासमोर ठेवला. शेणामातीत वावरलेला, भेगा पडलेला, पाचही बोटं शाबूत असलेला पाय.

थोड्या वेळाने म्हणाले, "त्या पोरीचा पाय तुला रात्री दिसला, त्याचा तुला तरास झाला. ज्याला तरास हुतो त्यानंच जावं. जवानाला साहेब निवडता येत न्हाई, पोरी. जो येईल तो घ्यावा लागतो."

इतके दिवस मी विचारत होते, मला हे जमेल का, मला हे आवडेल का, माझं पुढे काय होईल. अण्णांनी प्रश्नच उलटा धरला. माझ्या हाताखाली जी माणसं येतील त्यांचं काय होईल? ती माझ्याच गावातल्या भिंतींवरच्या फोटोंतली माणसं असणार होती. डांबरी रस्त्यावर पहाटे पळणारी, बूट चावला तरी न बोलणारी. त्यांच्या वाट्याला येणारा साहेब त्यांच्या घरातून का येऊ नये? दुसऱ्या दिवशी मी बटालियनमध्ये जाऊन अर्ज दिला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने प्रवासासाठी पिशवी शिवायला घेतली.

एसएसबीसाठी भोपाळला गेले. पाच दिवस छातीवरचा नंबर हेच माझं नाव होतं. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि निम्म्याहून अधिक जण दुपारच्या गाडीने परततात. उरलेल्यांना मग 15 सेकंदांना एक असे 60 शब्द दाखवतात, प्रत्येकावर मनात येईल ते वाक्य लिहायचं. इतक्या घाईत खोटं सुचत नाही. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं घेऊन गटाने अडथळे पार करायचे. माझं इंग्रजी अडखळत होतं आणि त्याची मला धास्ती होती. मुलाखतीत मला माझ्या हातून झालेली एक चूक विचारली. मी टाच सांगितली. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "उसके बाद आपने क्या किया?"

त्या रात्रीनंतर शिबिराचे जेवढे दिवस उरले होते, तेवढ्या सगळ्या रात्री मी टॉर्च घेऊन कंपनीतल्या प्रत्येक मुलीचे पाय बघितले होते. बुटांची अदलाबदल करून जिच्या तिच्या मापाचे लावून दिले होते. मी ते सांगितलं. या उत्तरामुळे निवड झाली की आणखी कशामुळे, ते कधी कळत नाही. शेवटच्या दिवशी पुकारलेल्या नंबरांत माझा होता.

2012 च्या एप्रिलमध्ये चेन्नईला गेले. ही अकॅडमी 1963 सालची. चीनच्या युद्धानंतर अधिकारी कमी पडू लागले तेव्हा उभी राहिलेली. तिथल्या 49 आठवड्यांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. इतकंच सांगते की पहिल्या महिन्यात माझ्याही टाचा सोलल्या, आणि त्या कुणी तरी रोज बघत होतं. पुढच्या मार्चात दीक्षांत संचलन झालं, आईअण्णांनी माझ्या खांद्यांवर तारे लावले. आईचे हात थरथरत होते. अण्णांनी तारा नीट बसलाय ना ते बोटाने चाचपलं, मग खाली बुटांकडे बघत हळूच विचारलं, "पाय कसं हायेत?"

दहा वर्षांची सेवा करून 2023 मध्ये मी घरच्या कारणाने परत आले. आता साताऱ्यातल्या कॉलेजांतल्या एनसीसीच्या मुली कधीमधी भेटायला येतात. त्यांचा प्रश्न तोच असतो, जो माझा होता: "मॅडम, अर्ज भरू का?" पगार, पेन्शन, लग्न, बदल्या, या सगळ्यावर मी खरं ते सांगते, कारण ते प्रश्न खोटे नाहीत. प्रशिक्षण स्वतःच्या मर्जीने अर्ध्यावर सोडलं तर त्याचा खर्च भरून द्यावा लागतो, हेही सांगते.

गेल्या वर्षी अशीच एक सीनियर अंडर ऑफिसर आली. कडक इस्त्रीची वर्दी, खणखणीत आवाज, अर्जाची प्रत हातात. सगळं ऐकून घेतल्यावर मी तिला विचारलं, "तुझ्या कंपनीत उसने बूट घालणाऱ्या मुली किती?"

तिला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "आधी ते बघून ये, मग अर्जाचं बोलू."

ती बहुधा परत येणार नाही, असं मला वाटलं होतं. चार दिवसांनी आली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, सात. त्यातल्या दोघींच्या टाचा सोलल्यात, मला माहीतच नव्हतं."

तिचे डोळे भरले होते. मी अर्ज पुढे ओढला आणि पेन तिच्या हातात दिलं.