परिपाठातील ती बातमी

सिहोऱ्याच्या आपल्या शाळेत परिपाठाच्या वेळी बातम्या वाचण्याचा मान मिळणे, हे आम्हां वसतिगृहातील मुलींना मोठे भूषण वाटे. २००६ च्या ऑक्टोबरात तो मान मला मिळाला. शेजारच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली होती. कारण म्हणून अनैतिक संबंधांचा उल्लेख होता. मी ते खणखणीत आवाजात वाचले आणि रांगेत परतले.

सायंकाळी अभ्यासाच्या तासाला बाईंनी मला जवळ बोलावले. म्हणाल्या, "ज्या माउलीविषयी तू हे वाचलेस, ती आता उत्तर द्यायला येणार आहे का?" मी खाली मान घातली.

पुढे सत्य उजेडात आले. २९ सप्टेंबरला मारल्या गेलेल्या सुरेखा भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. शेतजमिनीचा वाद होता, कुटुंब दलित होते. एका शब्दाने हे सारे झाकले गेले आणि मृत स्त्रीच दोषी ठरली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. परंतु मी उच्चारलेला तो शब्द मला परत घेता आला नाही.

त्याच वर्षी बाईंनी ताराबाई शिंदे यांची ओळख करून दिली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली. आपल्या विदर्भातील बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचले, आणि विधवेला त्या संकटात लोटणाऱ्या पुरुषाविषयी कोणी का लिहीत नाही, असा जाब विचारला. १८८२ मधील 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ अशा जागरूक वाचनातून जन्मला. जोतीराव फुले यांनी त्याची पाठराखण केली.

आज मी स्वतः शिक्षिका आहे. सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला, आम्ही भाषणे करतो, गीते गातो. त्याच दिवशी वर्गात एक बातमी फळ्यावर लिहिते. मुले-मुली तीन प्रश्न विचारतात : हे कोणी सांगितले? जिच्याविषयी लिहिले, तिला विचारले का? यातून काय वगळले? ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आमचा तास त्याहून वेगळे काही शिकवत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती : गावातील एखाद्या मुलीविषयीचा मजकूर मोबाईलवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी बाईंचा तो प्रश्न स्वतःला विचारा. समतेचा आरंभ तेथूनही होतो.